डावखुऱ्या मामासाठी कलमाचा घडीचा चाकू

रानजाई – ८ जून

नमस्कार मंडळी. जानेवारीपासून सुट्टीच्या दिवशी एकच काम चाललं होतं, ते परवा पुरं झालं. इथे हातकाम करणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. काय चुकलं तेही लिहिते, कारण मला स्वतःला त्याच माहितीची सर्वात जास्त गरज होती.

माझ्या मामाची वेंगुर्ले तालुक्यात रोपवाटिका आहे. आंबा, काजू, थोडं कोकम. पावसाळ्यात तो दिवसभर कोय कलमं बांधतो. कोयीतून आलेलं दहा-पंधरा दिवसांचं रोप, अजून तांबूस कोवळी पानं असलेलं, वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप देऊन त्या चिरेत बसवायचं. वरून प्लास्टिकची पट्टी. काडीच्या आणि खुंटाच्या (खालच्या रोपाच्या) सालीखालचा ओला थर एकमेकांना भिडला तरच कलम जगतं. म्हणून काप सपाट हवा. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने असते ती यासाठीच. दुसरं अंग सपाट असतं, ते काडीला टेकवून हात ओढला की काप सरळ येतो.

मामा डावखुरा आहे. आमच्याकडच्या दुकानांतून मिळणारे चाकू सगळे उजव्या हाताचे. डाव्या हातात धरला की सपाट अंग बाहेर आणि उताराचं अंग काडीकडे येतं, पातं लाकडातून बाहेर पडू बघतं. मामाने आयुष्यभर मनगट वाकडं करून ते निभावलं आणि आता त्याचं मनगट दुखतं. गेल्या पावसाळ्यात मी त्याच्या शेजारी आठ दिवस बसले होते. मी म्हटलं, मी करून देते. तो म्हणाला, "दोनय बाजूंनी धार माका नको. एकाच बाजूक होयी, ती पण माझ्या बाजूक."

चाकू घडीचाच हवा होता, कारण तो दिवसभर खिशात असतो आणि मामा चिखलात उकिडवा बसतो.

सुरुवात पुठ्ठ्याने केली. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं पातं कापलं, मूठ कापली, दोन्हींतून टाचणी घातली आणि उघडमीट करून पाहिली. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण घडीच्या चाकूची निम्मी अक्कल या टाचणीत आहे. टाचणी दोन मिलिमीटर मागे गेली की मिटताना पात्याचं टोक मुठीबाहेर राहतं. पुढे गेली की धार आतल्या पट्टीवर आपटते आणि पहिल्याच दिवशी बोथट होते. मी एकवीस पुठ्ठे कापले. शेवटी पातं ६५ मिमी, मूठ १०० मिमी, पात्याची जाडी २.५ मिमी ठरली.

रचना जुन्या पद्धतीची, खटका किंवा बटण नसलेली. मुठीच्या पाठीला पोलादाची एक पट्टी असते, तिला मी पाठपट्टी म्हणते. ती मागच्या टोकाला आणि मध्यावर पिनांनी जखडलेली असते, पुढचा अर्धा भाग मोकळा. तो मोकळा भाग पात्याच्या शेपटीला (पात्याचा मुठीतला भाग) दाबून धरतो. शेपटीला तीन सपाट कडा घासायच्या: एक पूर्ण उघडल्यावरची, एक अर्ध्यावरची, एक मिटल्यावरची. पातं ज्या पुढच्या पिनेवर फिरतं तिच्यापासून तिन्ही कडा अगदी सारख्या अंतरावर हव्यात. तसं असलं तर तिन्ही स्थितींत पाठपट्टी मुठीच्या पाठीशी सपाट राहते आणि बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. केसाइतका जरी फरक पडला तरी बोटाला कळतो. मी इथे पाच रविवार घालवले. एक कड कानशीने दोनदा घासायची, पिन घालायची, बोट फिरवायचं, पिन काढायची, पुन्हा घासायचं.

पोलाद म्हणून ट्रकच्या कमानपाट्याचा (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा घेतला, कोल्हापूरच्या भंगार बाजारातून. ओळखीच्या लोहारकाकांनी तो तापवून ठोकून साडेतीन मिमीपर्यंत आणला, रात्रभर राखेत पुरून मऊ केला. मग हॅकसॉ, कानस आणि पॉलिश पेपर. भोकं पाणी द्यायच्या (म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून पोलाद कडक करायच्या) आधीच पाडली.

पाणी द्यायचं काम काकांच्या भट्टीवर, संध्याकाळी, दिवा मालवून. मी तारेला लोहचुंबक बांधून नेला होता. ७७० अंशांच्या आसपास लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो, ती माझी खूण. काका नुसत्या रंगावर काम करतात. चुंबक सुटला तेव्हा मी "झालं" म्हटलं, तर ते म्हणाले, "थांब जरा. अजून एक भर रंग चढू दे." आणि ते बरोबर होतं, या पोलादाला ८३० ते ८५० अंश लागतात. कोमट शेंगतेलात टोकाकडून सरळ खाली बुडवलं. पहिलं पातं मी घाबरून तिरपं बुडवलं होतं, ते केळीच्या सालीसारखं वाकलं. दुसरं सरळ राहिलं. नवी कानस फिरवली तर काचेवरून घसरावी तशी घसरली.

मग घरच्या ओव्हनमध्ये, वाळूच्या ट्रेमध्ये ठेवून २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. पातं गव्हाळ रंगाचं झालं.

पाठपट्टीने रडवलं. तिला पात्याइतकी कडक ठेवून चालत नाही, स्प्रिंगसारखी लवायला हवी. मी बर्नरवर जांभळा रंग येईपर्यंत तापवली आणि जोडणी करून पाहिली. अकराव्या उघडमिटीला मधल्या पिनेच्या भोकापाशी कट् करून तुटली. दुसरी करताना काकांनी तेल जाळायची रीत दाखवली: पट्टी तेलात बुडवायची, तेल पेटेपर्यंत तापवायची, जळून जाऊ द्यायचं, असं तीनदा. ती पट्टी आज शेकडो वेळा लवली आहे.

मुठीला आतून दीड मिमी पितळी पत्रा आणि बाहेरून फणसाचं लाकूड. आजोळच्या जुन्या दाराची चौकट काढली तेव्हाचा तुकडा होता. ताजा कापला की हळदीसारखा पिवळा दिसतो, हात लागून लागून तपकिरी होत जाईल. वर जवसाच्या तेलाचे चार हात.

शेवटची पिन ठोकण्याचं एक सांगते. पातं आणि पितळी पत्रा यांच्यामध्ये तेलात भिजवलेला पातळ कागद दोन्ही बाजूंनी घालायचा, पिनेसाठी त्याला चीर पाडून. मग गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने पिनेचं डोकं हलके हलके पसरवायचं. एक ठोका, उघडून बघायचं, पुन्हा एक ठोका. घट्ट झालं की कागद ओढून काढायचा. जेवढी कागदाची जाडी तेवढीच मोकळीक उरते. कागद न घालता ठोकलं तर पातं जाम होतं, आणि पसरलेली पिन मागे घेता येत नाही.

धार आणि नखखाच (पातं उघडायला नख अडकवायची खाच) दोन्ही डावखुऱ्याच्या बाजूला आहेत. उद्या एसटीने पार्सल जाईल. प्रश्न जरूर विचारा.

बागवान_लांजा – ८ जून

ताई, वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे कलमं बांधणाऱ्या बायकांमध्ये दोघी डावऱ्या आहेत, त्या ब्लेडच्या पात्याने काम करतात आणि दर दोन दिवसांनी बोट कापून घेतात. हा विचार आम्हाला कधी सुचला नाही.

एक सूचना. आंब्याचा चीक पोलादाला काळे डाग पाडतो आणि पावसात गंज एका रात्रीत धरतो. मामांना सांगा, दर पंधरा-वीस कलमांनी स्पिरिटच्या बोळ्याने पातं पुसायचं, रोग पसरू नये म्हणूनही ते लागतंच. संध्याकाळी खोबरेलाचं बोट सांध्यात सोडायचं.

मीनल_ग – ८ जून

स्टेनलेस का नाही घेतलं? गंजाचा प्रश्नच मिटला असता.

रानजाई – ८ जून

@मीनल_ग, विचार केला होता. चाकूच्या स्टेनलेसला साधारण हजार अंशांच्या वर, नेमक्या तापमानावर काही मिनिटं धरून ठेवावं लागतं. कोळशाच्या भट्टीत आणि डोळ्याच्या अंदाजाने ते जमत नाही. बाहेर देऊन करता येतं, पण मला पाणी स्वतः द्यायचं होतं. शिवाय मामा रोज सहाणेवर धार लावतो, त्याला लवकर धार घेणारं पोलादच आवडतं.

@बागवान_लांजा, दोन्ही गोष्टी चिठ्ठीत लिहून पार्सलमध्ये टाकते. त्या दोघींच्या हाताचं माप मिळालं तर मला खरंच आवडेल.

टूलरूम_३८ – ९ जून

ताई, काम मनापासून केलेलं आहे, म्हणून मनापासून बोलतो. माझी ३८ वर्षं टूलरूममध्ये गेली.

पहिली गोष्ट, ड्रिलचं भोक कधीच पूर्ण गोल आणि मापाचं नसतं. ३ मिमी पिनेसाठी २.९ चं ड्रिल मारा आणि मग हाताने ३ चा रीमर (भोक गोल आणि मापात आणणारं हत्यार) फिरवा. पातं आणि दोन्ही पत्रे एकत्र बांधून भोक पाडलंत तर पिन तिरकी जाणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भंगारातला कमानपाटा वापरू नका. तो लाखो वेळा लवून आलेला असतो, त्यात बारीक चिरा असू शकतात आणि वरून दिसत नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ईएन-३१ या पोलादाची नवी पट्टी किलोवर मिळते, तीच बेअरिंगची जात, १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. पात्याला ती घ्या, धार जास्त टिकेल.

तुमची तुटलेली पट्टी जपून ठेवली आहे का? असेल तर तुटलेल्या तोंडाचा रंग सांगा. भिंगातून बघा.

रानजाई – ९ जून

टूलरूमकाका, पट्टी आहे. आत्ता भिंग घेऊन खिडकीत बसले. तुटलेलं तोंड सगळं एका रंगाचं नाही. बहुतेक भाग राखाडी आणि साखरेच्या दाण्यासारखा चमकणारा आहे. पण एका कडेला, साधारण एक तृतीयांश भाग, कोळशासारखा काळा आहे. आधी लक्षातच आलं नव्हतं.

टूलरूम_३८ – ९ जून

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. जो भाग चमकतो तो त्या दिवशी तुटला. जो काळा आहे तो आधीच फाटलेला होता आणि आत हवा जाऊन तापात काळा पडला. आता रंगातला फरक बघा. पाणी देताना चीर पडली असती तर नंतरच्या हलक्या तापात तिला वरच्यासारखाच जांभळट रंग आला असता. काळा पापुद्रा भट्टीच्या लाल तापातच धरतो. म्हणजे चीर पाणी द्यायच्या आधीपासून होती. एकतर पाट्यातच होती, नाहीतर ठोकताना थंड झालेल्या लोखंडावर घाव पडला.

तुमचं टेम्परिंग (पाणी दिल्यावरचा हलका ताप) कमी होतं हेही खरं. जांभळ्यावर पट्टी कडकच राहते. पण चीर नसती तर बहुधा अकराव्याला नाही, हजाराव्याला तुटली असती. तेल जाळायची काकांची रीत चांगली आहे, बंदूक दुरुस्त करणारे जुने कारागीर स्प्रिंगला हेच करत.

चाकूत बसवलेली पट्टी त्याच पाट्याची असेल तर तिच्यावर नजर ठेवा.

रानजाई – ९ जून

त्याच पाट्याची आहे. पार्सल आज पाठवत नाही.

रानजाई – १६ जून

सांगितल्याप्रमाणे केलं. मुठीच्या पिना ड्रिलने उडवून सगळं सोडवलं. दोन दिवस झोप नीट लागली नव्हती, पण कलमं बांधताना भर पावसात ही पट्टी तुटली असती तर मामाचं बोट मध्ये आलं असतं. पातं आणि पट्टी दोन्ही रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, कोरडी पुसली आणि खडूची भुकटी लावली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. पात्यावर काही उमटलं नाही. पाठपट्टीवर मधल्या भोकाजवळ एक बारीक रेघ आली, नखाच्या कडेएवढी.

नवी पट्टी उद्यमनगरातल्या नव्या ईएन-३१ ची केली. पाणी देऊन आधी ओव्हनमध्ये, मग तीनदा तेल जाळून. या वेळी भोकाला रीमर फिरवला. फरक हाताला लगेच कळला. पूर्वी उघडताना किंचित खरखर लागायची, आता पातं अर्ध्यावर येऊन थांबतं, पुढे ढकललं की "टप्प" असा एकच आवाज होतो.

टूलरूमकाका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

धोकटी – १६ जून

मी इथे फारसा लिहीत नाही. माझे वडील न्हावी होते, तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसायचे. तुमचा कागदाचा तपशील वाचला आणि त्यांची आठवण झाली.

वस्तरा हाही घडीचाच. त्याला पाठपट्टी नसते, एकाच पिनेवर पातं आणि दोन बाजूंच्या मुठी. ते पातं ना ढिलं चालत, ना घट्ट. ढिलं झालं तर मिटताना धार मुठीला लागते आणि शंभर दाढ्यांची मेहनत जाते. पिन सैल झाली की बाबा ऐरणीऐवजी दगडी उंबऱ्यावर वस्तरा ठेवायचे आणि अडकित्त्याच्या पाठीने पिनेवर दोन हलके टोले द्यायचे. मग वस्तरा उघडून हवेत आडवा धरायचे. पातं स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली आलं पाहिजे, धाडकन पडलं तर अजून एक टोला. ही त्यांची परीक्षा.

त्यांच्या धोकटीतले दोन वस्तरे आजही माझ्याकडे आहेत. एकाची पिन ढिली झाली आहे. तुमचं वाचून आज हिंमत केली, दोन टोले दिले. पातं हळू खाली आलं.

ओसाकाकर – १७ जून

@धोकटी, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

रानजाई, पुढचा चाकू करणार असाल तर पाठपट्टीशिवायची एक रचना सुचवतो. मी जपानमध्ये राहतो. इथे ह्योगो प्रांतात मिकी नावाचं अवजारांचं शहर आहे, तिथला हिगोनोकामी हा घडीचा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बनतो आहे. मूठ म्हणजे दुमडलेला एकच पत्रा आणि एकच पिन. शेपटी मुठीबाहेर थोडी येते, उघडल्यावर अंगठा तिच्यावर ठेवून पातं धरायचं. पूर्वी शाळेतली मुलं पेन्सिलींना टोक काढायला हाच वापरत. नवशिक्याने सुरुवात याने करावी असं माझं मत आहे, तीन कडा जुळवायचा प्रश्नच येत नाही.

रानजाई – १७ जून

बागवान_लांजांच्या दोघींसाठी हेच करून बघते. फक्त एक शंका. ओल्या हाताने अंगठा त्या शेपटीवरून घसरला तर? पावसाळी कामाला पाठपट्टीचीच भीती कमी वाटते मला. पुठ्ठ्याचं करून बघते आधी.

सह्यभटक्या – १८ जून

जबरदस्त धागा. मला असा एक ट्रेकसाठी करायचा आहे, मुठीला सांबरशिंग लावून. गावाकडे झडलेली शिंगं मिळतात. आणि असा चाकू जवळ बाळगणं कायद्यात बसतं का?

टूलरूम_३८ – १८ जून

सांबरशिंगाचा विचार आजच सोडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, झडलेलं असलं तरी. म्हशीचं शिंग घ्या, काळंभोर असतं आणि पॉलिश घेतं. घासताना तोंडाला मास्क लावा.

चाकूचं म्हणाल तर शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोजतात, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. ताईंचं पातं अडीच इंचांचं, कलमासाठीचं. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शहरांत वेळोवेळी बंदी हुकूम निघतात, तेव्हा खिशात चाकू घेऊन गर्दीत जाऊ नका. बटण दाबून उघडणारा चाकू तर करूच नका. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी ठेवा, विमानात हातातल्या सामानात नको.

मीनल_ग – १८ जून

फणसाचं लाकूड पावसात फुगणार नाही का? आमच्या देवघराचं दार पावसाळ्यात लागत नाही, म्हणून विचारलं.

रानजाई – १८ जून

फुगेल थोडं. म्हणूनच लाकूड आणि पातं यांच्यामध्ये पितळी पत्रा आहे, लाकूड फुगलं तरी बाहेरच्या बाजूला फुगेल, पातं अडकणार नाही. असा हिशोब तरी आहे. जुनी चौकट असल्याने लाकूड चांगलं मुरलेलं आहे. पार्सल आज सकाळी गेलं.

रानजाई – २७ जुलै

मंडळी, मामाचा फोन आला होता, आणि आज चाकू परत आला आहे. थांबा, वाईट बातमी नाही.

महिनाभर त्याने रोज वापरला. पाठपट्टी ठणठणीत, गंज नाही, पातं अडकलं नाही. मीनल, लाकूड किंचित फुगलं पण हिशोब बरोबर निघाला. मनगटाचं विचारलं तर म्हणाला, "ह्यो चाकू आता माका होयो तसो झालो. हात सरळ जाता." शेजारच्या रोपवाटिकेतला एक डावरा मुलगा रोज येऊन मागतो म्हणे.

तक्रार एकच, आणि ती त्याने फोनवर सांगितलीच नाही. आज पार्सल उघडलं तेव्हा फणसाच्या मुठीवर, पुढच्या पिनेच्या थोडं मागे, पेन्सिलने काढलेला अर्धा चंद्र दिसला. त्याचं अंगठ्याचं पेर तिथे टेकतं आणि दिवसाअखेर तिथे फोड येतो. सोबत वहीच्या पानाची चिठ्ठी: "हंयसून घास. चार दिवसांत धाड, काडये तयार आसत."

कानस काढली आहे. अर्ध्या चंद्राच्या आतलं लाकूड मिलिमीटरभर उतरवलं की पॉलिश पेपर आणि तेलाचा एक हात. उद्या सकाळच्या एसटीने जाईल.

बागवान_लांजा – २७ जुलै

ताई, त्या दोघींच्या हातांचे ठसे कागदावर काढून घेतले आहेत. पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवा.